उलाळ

"आज मी आत बसतो," जयवंत म्हणाला आणि ट्रेलरच्या दारात एक पाय टाकून उभा राहिला. "थरथर कुठनं सुरू होते ते बाहेरून कळत नाही. तू जीप चालव."

"मी?"

"मग काय आप्पांना बसवू?"

आप्पा म्हणजे माझे सासरे. ते जीपच्या मागच्या बाकावर आधीच बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. जीपचं छत आम्ही गुंडाळून काढलं होतं, त्यामुळे मान वळवली की त्यांना मागचा ट्रेलर दिसत होता. सकाळचे आठ वाजले असतील. मला जीप येत होती, जयवंतनेच शिकवली होती, दुधाचे कॅन डेअरीवर मीच नेऊन घालायचे. पण मागे काही जोडून मी कधी चालवली नव्हती. आणि मागच्या डब्यात नवरा बसलाय, अशी तर नाहीच.

"मला भीती वाटतेय," मी म्हणाले.

"तुला कशाची वाटत नाही?" तो हसला. "सरळ रस्ता आहे. साठपर्यंत ने. मी खिडकीतून हात दाखवला की हळू कर, बस."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगण्यासारखं माझ्याजवळ होतं, अगदी जिभेवर होतं. मी किल्ली घेतली आणि पुढे जाऊन बसले.

आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण इथं पानभर 'हे' आणि 'ह्यांनी' लिहीत बसले तर वाचणाऱ्याला कोण कुठला ते कळायचं नाही, म्हणून नावच लिहिते, आणि लिहितेच आहे तर अरेतुरेही करून घेते. तोंडावर मी त्याला अजून अहोच म्हणते. गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. आम्ही कराडजवळच्या एका गावात राहतो. जयवंत तेव्हा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. बारा वर्षांची नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, घरी दोन म्हशी, रेवती दहावीला. माझ्या मते सगळं ठाकठीक चाललं होतं. त्याच्या मते नव्हतं. सुट्टीत कारखान्याच्या एका साहेबांबरोबर तो गोव्याला जाऊन आला होता आणि तिथं त्याने मोटारीमागे ओढायचं एक घर पाहिलं होतं. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं. ते बघून आला तो वेगळाच माणूस होऊन आला.

वर्षभर तो मागच्या शेडमध्ये रमला. भंगारातला जीपचा आख आणला, कमानपाटे आणले, चौकट वेल्डिंग केली, प्लायवूडच्या भिंती उभ्या केल्या आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. सुतारकाम आप्पांनी केलं. आप्पा गाड्याचे सुतार. बैलगाडी बनवावी तर केशव सुताराने, असं आजूबाजूच्या दहा गावांत म्हणायचे. पुढे टायरगाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले, आणि आप्पांच्या हाताला दारं-खिडक्या सोडून काही उरलं नाही. ट्रेलरचं काम निघालं तसे ते पुन्हा ताठ चालायला लागले. त्याला ते खोपटं म्हणायचे. "आज खोपट्याची फळी बसवायची हाय," असं सांगून सकाळीच शेडमध्ये जायचे. बापलेकांचं इतकं बोलणं मी त्या आधी कधी ऐकलं नव्हतं.

मला कौतुक नव्हतं असं नाही. पण एका रविवारी जेवताना जयवंत म्हणाला, "ज्या दिवशी ही साठच्या वेगाला पेल्यातलं पाणी न सांडता चालेल, त्या दिवशी राजीनामा. मग हाच धंदा."

मी भाकरी वाढत होते. माझ्या माहेरी वडिलांनी गिरणीची नोकरी सोडून सोडावॉटरचा कारखाना काढला होता. तो बुडाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि आईने तेव्हा कोणाकोणाच्या दारात पाय ठेवले ते मी तिचा पदर धरून पाहिलंय. ते मी जयवंतला कधी नीट सांगितलं नव्हतं. नोकरी सोडायची म्हटलं की मी घाबरते, एवढंच त्याला माहीत होतं, आणि त्यावर तो हसायचा.

म्हणजे गंमत बघा. शेडमध्ये दोन माणसं ती गाडी नीट चालावी म्हणून राबत होती, आणि स्वयंपाकघरात मी ती नीट चालू नये म्हणून देवाला सांगत होते.

देवाने ऐकलं असंच मला आधी वाटलं. पहिल्याच चाचणीला पन्नासच्या पुढे ट्रेलरचं शेपूट हलायला लागलं. ट्रेलरच्या ओट्यावर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवलेला असायचा. परत येऊन दार उघडलं तर पेला खाली आणि पाणी पलंगाखाली. जयवंतने टायरमधली हवा कमी केली, मग जास्त केली. कमानीतला एक पाटा काढला. जीपचा शॉकॲब्सॉर्बर आणून मागे लावला. आखाला सुताने माप लावून तो तसूभर वाकडा आहे का ते पाहिलं. दर रविवारी सकाळी चाचणी, आणि दर रविवारी तीच रड. पस्तीस-चाळीसला गरीब गाय, पन्नास ओलांडले की अंगात यायचं.

सामानाऐवजी तो आत वाळूची पोती आणि पाण्याचे कॅन ठेवायचा. पलंगाखाली पुढपासून मागपर्यंत एक लांब पेटी होती, तिला वरून झाकणं. शनिवारी संध्याकाळी तो पोती मोजून पेटीत मांडायचा, झाकणं लावायचा आणि वर गादी पसरायचा.

एका रविवारी सहाच्या सुमारास मी म्हशीची धार काढायला उठले, तर ट्रेलरचं दार उघडं दिसलं. आप्पा आत होते. गादी बाजूला करून ते पोती ओढून ओढून पेटीच्या मागच्या टोकाला नेत होते. त्या वयात धाप लागायचं काम. मला बघून ते संकोचले नाहीत.

"काय करताय आप्पा?"

"दांडा उचलून बघितला. लई जड." त्यांनी मान चोळून दाखवली. "समदा भार जीपच्या मानंवर यायलाय. गाडी कशी पायजे, येका हातानं जू उचललं पायजे. बैलाला वाटलं न्हाई पायजे आपल्या मानंवर कायतरी हाय."

मग खाली उतरून त्यांनी ट्रेलरचा पुढचा दांडा खरंच एका हाताने उचलला. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मी विसरले नाही. चांगल्या गाड्याची हीच खूण त्यांनी आयुष्यभर मानली होती. थोड्या वेळाने जयवंत आला, त्यानेही दांडा उचलला आणि खूश झाला. "बघ, एका हाताने हुकात बसतेय," मला म्हणाला. सुताराचाच मुलगा तो. त्यालाही तीच खूण माहीत होती, आणि पेटी त्याने स्वतः भरलेली, ती पुन्हा उघडून बघायचं त्याच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. आप्पांनीही सांगितलं नाही. गुपित म्हणून नव्हे. पोराच्या कामात आपण केलेली एवढीशी डागडुजी काय सांगायची, असा त्यांचा स्वभाव.

मलाही त्यात काही वाटलं नाही. मग आप्पा विट्याला एका लग्नाला गेले आणि शनिवारी तिथंच राहिले. त्या रविवारी दांडा उचलायला जयवंतने मला हाक मारली, एकट्याला जड जात होता. पाठ धरलीय, म्हणाला. आणि त्या दिवशी ट्रेलर साठला असा चालला की मी मागे वळून बघतेय तर तो जागेवर उभाच आहे असं वाटावं. पेल्यातलं पाणी जसंच्या तसं. जयवंतने मला जीपमध्येच मिठी मारली. पाटा काढल्याचा गुण, असं तो दिवसभर म्हणत होता. "अजून एकदा खात्री करू," म्हणाला, "मग अर्ज."

पुढच्या शनिवारी आप्पा घरी होते. रविवारी पहाटे मी गोठ्यातून पेटीच्या झाकणाचा आवाज ऐकला. आणि त्या सकाळी ट्रेलर पुन्हा पहिल्यासारखाच हलला.

"तेच टायर, तेच पाटे, तोच रस्ता," जयवंत डोकं धरून बसला. "मागच्या रविवारी चालली, आज का नाही? काय बदललं?"

त्याला कळत नव्हतं. मला कळलं होतं. विज्ञान वगैरे मला काही ठाऊक नव्हतं, पण पोती पुढे असली की नीट आणि मागे असली की बिघडते, एवढं डेअरीवर कॅन पोचवणाऱ्या बाईला कळायला काय लागतं? मी आमटी ढवळत राहिले. आणखी दोन रविवार मी गप्प होते. चार-सहा महिन्यांत तो कंटाळेल, ट्रेलर शेडमध्ये कोंबड्यांना होईल आणि नोकरी राहील, असा माझा हिशोब होता. त्यात कोणाच्या जिवाला धोका आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. खरंच नव्हतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यातलं खरं किती, ते मलाही सांगता येत नाही.

त्या रविवारी त्याने आत बसायचं ठरवलं.

गावातून बाहेर पडून पाटणच्या रस्त्याला लागलो. मी तिशीतच चालवत होते. मागून जयवंतने पत्र्यावर थाप मारली, म्हणजे वाढव. चाळीस. डाव्या हाताला ऊस, उजव्या हाताला खाली नदी. पंचेचाळीसला स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं. पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकली आहेत, धरून नाहीत, असं काहीतरी. मी आरशात पाहिलं. ट्रेलरच्या पुढच्या खिडकीत जयवंतचा चेहरा होता. त्याने अंगठा दाखवला, मग मागे बोट दाखवलं, म्हणजे आवाज मागून येतोय, मी मागे जाऊन बघतो. आणि खिडकीतून चेहरा गेला.

"आप्पा, ते मागे गेले," मी ओरडून सांगितलं.

"जाऊ दे की," आप्पा म्हणाले.

पुढे उतार लागला. लांब, सरळ, शेवटी पूल. मी पाय वर घेतला तरी काटा पन्नासच्या पुढे सरकत राहिला, मागचं वजन ढकलत होतं. पहिला झोका बारीक होता. जीपचं बूड कोणीतरी डावीकडे ओढून सोडावं तसा. मी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, आणि झोका उजवीकडून आला, पहिल्यापेक्षा मोठा. मग डावीकडून. मी सरळ करायला जायची आणि माझं सरळ करणं त्याच्या झोक्यात मिळून तो दुप्पट व्हायचा. आरशात ट्रेलर एकदा पूर्ण दिसायचा, एकदा दिसायचाच नाही. आतून काहीतरी धाडकन आपटलं. माणूस की पोतं, कळायला मार्ग नव्हता.

समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पूल ओलांडून चढाला लागत होता.

मी ब्रेक दाबला. दुसरं काय करणार? ब्रेक दाबल्याबरोबर ट्रेलर अंगावर आला. जीपचं मागचं अंग उचललं जातंय असं वाटलं, टायर किंचाळले, आणि आम्ही रस्त्याच्या मधल्या पट्टीवरून पलीकडे गेलो. डोक्यात एकच गोष्ट होती, की ह्या माणसाला मी मारलं. अपघातात गेला असं नाही. मी मारलं, आणि हे कोणाला कधी कळणारही नाही.

"ब्रेक सोड," आप्पा ओरडले. "शैला, सोड त्यो. थांबू नगं. वढ तिला, वढीत ठेव."

सगळं अंग थांब म्हणत होतं. समोर ट्रॅक्टर दिसत होता. मी पाय ब्रेकवरून काढला आणि ॲक्सिलरेटरवर ठेवला. कसा ठेवला ते देव जाणे.

आरशात मला आप्पा दिसले. ते बाकावर गुडघे टेकून मागे तोंड करून उभे होते, दोन्ही हातांनी मागची फळी धरून. टोपी कधीच उडाली होती. त्यांचं लक्ष जीपच्या हुकाकडे होतं. दर झोक्याला दांडा वर उसळत होता आणि त्याबरोबर जीपचं बूड.

"उलाळ," ते म्हणाले. ओरडले नाहीत, स्वतःशीच म्हणाले. "उलाळ झालीया."

बैलगाडी मागे जड झाली की पुढून उचलली जाते, जू वर जातं आणि बैलांच्या गळ्यांना फास बसतो. त्याला उलाळ म्हणतात. अशा वेळी मागे बसलेल्यांनी धावत पुढे यायचं, धुरेवर, जुवाकडे. गाडीत वाढलेल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. आप्पांनी छाती भरून घेतली आणि ट्रेलरच्या उघड्या खिडकीत हाक घातली.

"जयवंता, उलाळ. धुरंवर ये. धुरंवर."

चाळीस वर्षांचा तो माणूस, आयटीआय झालेला, ट्रेलरची पुस्तकं मागवून वाचणारा. 'वजन पुढे घे' म्हटलं असतं तर त्याने त्यावर विचार केला असता, आणि विचार करायला वेळ नव्हता. पण ही हाक त्याने पाचव्या-सहाव्या वर्षापासून ऐकली होती. तो रांगत, आपटत, पलंगाची कड धरून पुढे आला आणि पुढच्या भिंतीला अंग लावून खाली पडून राहिला. खिडकीत मला नुसती त्याची बोटं दिसली.

झोका कमी झाला. एकदम नाही. तीन मोठे, मग दोन बारीक, मग नुसती थरथर. मी डावीकडे आले. ट्रॅक्टर शेजारून गेला, ट्रॉलीतला लोंबणारा ऊस माझ्या आरशाला घासून गेला. पूल ओलांडला, पलीकडे चढ लागला, आणि चढावर जीप आपोआप मंद होत थांबली. मी इंजिन बंद केलं नाही.

आप्पा आधी उतरले. दार बाहेरून उघडलं. जयवंत खाली आला, कपाळ फुटलं होतं, एका बाजूने रक्त कानापर्यंत आलं होतं. आप्पांनी त्याचे दोन्ही दंड चाचपून पाहिले, मग पाठ, मग पुन्हा दंड. मी उतरले आणि तिथंच मैलाच्या दगडावर बसले.

जयवंत लगेच परत आत गेला. तो तसाच आहे. गादी फेकून त्याने झाकणं उघडल्याचा आवाज आला.

"ही सगळी मागे कोणी नेली?" त्याने आतूनच विचारलं.

"मी," आप्पा म्हणाले.

"आज?"

"दर टायमाला."

तो दारात आला. आप्पा खाली रस्त्यात उभे, तो वर. "का?"

"दांडा जड लागत हुता. जीपच्या मानंवर भार नगं म्हणून."

"जीपला मान असते, आप्पा?" जयवंतचा आवाज चिरकला. "जीप म्हणजे बैल आहे? सहा महिने मी पाटे बदलतोय, टायर बदलतोय, झोप नाही मला. आणि तुम्ही पहाटे उठून माझं काम बिघडवताय. जन्मभर बैलांच्या शेपट्यांमागे राहिलात, तेवढीच अक्कल. मी मेलो असतो आज. तुमच्या अकलेने मेलो असतो."

आप्पा उघडं डोकं खाली घालून उभे राहिले. मी त्यांना त्याआधी घराबाहेर कधी टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. डोक्यावरची कातडी पांढरी, लहान मुलासारखी होती. नंतर त्यांनी हात जोडले. बापाने पोरापुढे.

मला ते बघवेना. मी उठले.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

जयवंतने माझ्याकडे पाहिलं. "काय?"

"पोती. आप्पा सारतात ते. मी बघितलं होतं. मला—"

"तिला काय म्हाईत असणार?" आप्पा मध्येच म्हणाले. जोडलेले हात त्यांनी सोडले होते आणि आवाज एकदम नेहमीचा झाला होता, घरातल्या मोठ्या माणसाचा. "ती गोठ्यात असती त्या वक्ताला. कायबी बोलतीया. घाबरलीया ती. पाणी दे तिला आदी."

जयवंतचा चेहरा निवळला. तो खाली उतरला, जीपमधली बाटली काढून माझ्यापुढे धरली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बस खाली," म्हणाला. "चांगली चालवलीस. ब्रेक धरून ठेवला असतास तर संपलो होतो."

मी पाणी प्यायले. बाटली संपेपर्यंत प्यायले.

तिथंच रस्त्याकडेला दोघांनी मिळून पोती पुढे मांडली. येताना जयवंतने जीप चालवली. साठला, जाताना जो उतार होता त्या चढावर, नंतर सपाटीला. ट्रेलर सरळ मागे येत होता. पुढच्या महिन्यात त्याने राजीनामा दिला.

मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. पहिली दोन वर्षं ओढाताण झाली, मग लोक येऊ लागले. आता शेडच्या जागी मोठं वर्कशॉप आहे. रेवती तिथलं ऑफिस बघते. माझी इतक्या वर्षांची भीती फुकट गेली म्हणायची.

आप्पा त्यानंतर सहा वर्षं होते. ट्रेलरला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. जयवंत म्हणायचा, या, फळ्या बसवायच्यात, तर ते म्हणायचे, नजर गेली आता. नजर चांगली होती, सुईत दोरा मला ओवून द्यायचे. एकदा दुपारी ते ओसरीवर एकटे होते तेव्हा मी विचारलं.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही खोटं का बोललात?"

त्यांना कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. "खोटं काय बोललू? तू घाबरलीच हुतीस."

"पण मी बघितलं होतं. तुमच्याशी बोललेही होते."

"हुतीस की बोललेली." त्यांनी सुपारी कातरली, अर्धी मला दिली. "मला त्यो काय बोलला, त्यो माझा ल्योक हाय. बोलतोय. तुला बोलला असता तर तू कुठं गेली असतीस?"

ते गेले. आणि जयवंतने त्यांची गोष्ट करून टाकली. नवीन गिऱ्हाईक आलं की तो त्याला ट्रेलर दाखवतो, वजन पुढे का ठेवायचं ते समजावतो, आणि शेवटी सांगतो, "आमचे वडील गाड्याचे सुतार. ते म्हणायचे जीपच्या मानेवर भार नको. त्यांच्या बैलगाडीच्या हिशोबाने मी मरता मरता वाचलो." लोक हसतात. तोही हसतो, प्रेमानेच हसतो. मी चहा ठेवून आत येते. दहा वर्षं येतेय.

गेल्या महिन्यात पुण्याचं एक जोडपं आलं होतं. गोष्ट झाली, हसून झालं. त्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही किती घाबरला असाल ना." मी हो म्हणाले. मी आत निघाले होते, उंबऱ्यापर्यंत गेलेही होते. पण मग वळले आणि जयवंतला म्हणाले, "आप्पांनी त्या दिवशी मला वाचवलं. ते पोती मागे नेतात ते मला माहीत होतं. पुढे असली की नीट चालते हेही मला कळलं होतं. तीन रविवार."

तो हसतच माझ्याकडे वळला होता. हसू विझायला थोडा वेळ लागला. त्या जोडप्याने चहा घाईने संपवला आणि पुन्हा येतो म्हणून ते निघाले.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर तो म्हणाला, "मग सांगितलं का नाहीस?"

"घाबरले होते."

"कशाला?"

"ती नीट चालेल म्हणून."

तो तिथल्याच एका नव्या ट्रेलरच्या दांड्यावर बसला. वाटलं, आता मला बोलेल. सोळा वर्षं मी त्याची वाट बघत होते, बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने दोन्ही तळवे तोंडावरून फिरवले.

"मी आप्पांना काय काय बोललो," तो म्हणाला.

ते तो मला सांगत नव्हता.